चार्ल्स स्पिअरमन

चार्ल्स एडवर्ड स्पिअरमन (१० सप्टेंबर १८६३, लंडन – १७ सप्टेंबर १९४५, लंडन) हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आणि मनोमापनशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. माणसामाणसांतील मानसिक भेद संख्येत कसे मांडावेत आणि दिसणाऱ्या अनेक गुणांमागे न दिसणारे एखादे समान कारण आहे का, हे कसे तपासावे, यासाठी त्यांनी १९०४ साली घटक विश्लेषण या सांख्यिकीय पद्धतीचा पाया घातला. बुद्धीचा द्विघटक सिद्धांत, क्रमसहसंबंध गुणांक, मापनातील चुकांसाठी करावयाची सहसंबंधाची दुरुस्ती आणि चाचणीची विश्वसनीयता काढण्याचे एक सूत्र यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचे मूळ संशोधन बुद्धीविषयी होते. तरीही नैराश्य, चिंता आणि व्यक्तिमत्त्व यांचे मापन करणाऱ्या आजच्या अनेक प्रश्नावल्या त्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच तयार होतात. गणिताने काढलेला घटक ही मनात खरोखर असणारी गोष्ट आहे की केवळ आकडेमोडीची सोय, हा वाद त्यांच्या हयातीत सुरू झाला. मानसिक आरोग्याच्या संशोधनात तो अद्याप मिटलेला नाही.

सुरुवातीचे जीवन आणि लष्करी सेवा

स्पिअरमन यांचा जन्म लंडनमधील एका प्रतिष्ठित कुटुंबात झाला. ते लहान असतानाच त्यांच्या वडिलांचे निधन झाले. तरुणपणी त्यांना तत्त्वज्ञानाची ओढ होती. मात्र त्यांनी ब्रिटिश लष्करात प्रवेश केला आणि सुमारे पंधरा वर्षे अधिकारी म्हणून नोकरी केली. तिसऱ्या इंग्रज–ब्रह्मी युद्धाच्या काळात ते ब्रह्मदेशात होते आणि तेथील कामगिरीबद्दल त्यांना पदकही मिळाले. फावल्या वेळातील वाचनातून तत्त्वज्ञानाचे प्रश्न सोडवायचे तर आधी मानसशास्त्राचा पाया पक्का हवा, अशी त्यांची खात्री होत गेली. १८९७ मध्ये त्यांनी लष्कराचा राजीनामा दिला. लष्करात घालवलेली वर्षे ही आपल्या आयुष्यातील मोठी चूक होती, असे त्यांनी पुढे आत्मकथनात नमूद केले.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. प्रायोगिक मानसशास्त्राचे ते त्या काळचे सर्वांत मोठे केंद्र होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धामुळे त्यांना पुन्हा लष्करी सेवेत बोलावण्यात आले आणि १९०० ते १९०२ या काळात त्यांची नेमणूक गर्न्सी बेटावर झाली. १९०१ मध्ये त्यांचा फॅनी एकमन यांच्याशी विवाह झाला. त्यांना चार मुली आणि एक मुलगा झाला. युद्धानंतर ते लाइपझिगला परतले आणि १९०६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर काही काळ त्यांनी वुर्झबुर्ग येथे ओस्वाल्ड क्युल्पे आणि गॉटिंगेन येथे गेओर्ग एलियास म्युलर यांच्याकडेही अभ्यास केला.

वुंट यांच्या प्रयोगशाळेत सर्व माणसांच्या मनाला समान असे नियम शोधले जात. एका व्यक्तीचे उत्तर दुसऱ्या व्यक्तीपेक्षा वेगळे आले, तर तो बहुधा प्रयोगातील अडथळा मानला जाई. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी मात्र त्या भेदांनाच अभ्यासाचा विषय केले होते. स्पिअरमन यांनी लाइपझिगकडून प्रयोगाची शिस्त घेतली आणि गॉल्टन यांच्याकडून व्यक्तिभेदांचा प्रश्न व सहसंबंधाची कल्पना घेतली. या दोन परंपरांच्या संगमातून त्यांचे पुढील काम उभे राहिले.

१९०४ चे दोन निबंध

लष्करी सेवा आणि लाइपझिगचे दुसरे वास्तव्य यांच्या दरम्यान स्पिअरमन यांनी इंग्लंडमधील एका खेड्याच्या शाळेत साधे प्रयोग केले. मुलांना ध्वनीची उंची, प्रकाशाची छटा आणि वजन यांतील सूक्ष्म फरक किती ओळखता येतो, हे त्यांनी मोजले. बुद्धीच्या अंदाजासाठी शिक्षकांनी दिलेला क्रम घेतला. शिवाय शाळेबाहेरच्या व्यवहारज्ञानाविषयी शाळेतील मोठ्या मुलांचे आणि गावातील धर्मगुरूंच्या पत्नीचे मतही विचारात घेतले. दुसऱ्या एका खासगी शाळेतील मुलांचे विषयवार क्रमही त्यांनी मिळवले. या सामग्रीवर आधारलेले दोन निबंध १९०४ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिला निबंध दोन गोष्टींमधील संबंध सिद्ध करण्याच्या व मोजण्याच्या पद्धतींविषयी होता, तर दुसरा सामान्य बुद्धीविषयी.

पहिल्या निबंधातील सर्वांत महत्त्वाचा विचार मापनातील चुकांविषयी होता. त्याआधी १९०१ मध्ये अमेरिकेत क्लार्क विसलर यांनी कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मानसिक चाचण्या आणि परीक्षेतील गुण यांची तुलना केली होती. त्यांत जवळपास काहीच संबंध आढळला नव्हता. मोजमापच डळमळीत असेल, तर खरा संबंधही आकड्यांत फिका पडतो, हे स्पिअरमन यांनी दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी सूत्र दिले: मिळालेल्या सहसंबंधाला दोन्ही मापनांच्या विश्वसनीयतांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागावे. उदाहरणार्थ, दोन चाचण्यांतील सहसंबंध ०.४२ आला आणि प्रत्येक चाचणीची विश्वसनीयता ०.७० असली, तर चुका वगळल्यावरचा अंदाजित सहसंबंध ०.६० येतो. कार्ल पिअरसन यांनी या सूत्रावर कडाडून टीका केली, कारण त्याने कधीकधी १ पेक्षा मोठे, म्हणजे अर्थहीन, उत्तर येते. लहान नमुन्यांत हा धोका खरोखरच असतो. तरीही मोजलेली किंमत म्हणजे खरी किंमत अधिक चूक, हा त्यामागचा विचार पुढे चाचणीशास्त्राचा पाया ठरला.

द्विघटक सिद्धांत

दुसऱ्या निबंधात स्पिअरमन यांनी अभिजात भाषा, फ्रेंच, इंग्रजी, गणित, ध्वनीची उंची ओळखणे आणि संगीत अशा सहा विषयांतील परस्पर सहसंबंधांचा तक्ता दिला. त्यातील सर्व आकडे धन होते. सर्वांत मोठा, ०.८३, अभिजात भाषा आणि फ्रेंच यांच्यातील होता. सर्वांत लहान, ०.४०, ध्वनीची उंची ओळखणे आणि संगीत यांच्यातील होता. एका विषयात पुढे असलेला मुलगा सरासरीने दुसऱ्या विषयातही पुढे असतो, हे कोणत्याही वर्गशिक्षकाला गुणपत्रकांवरून जाणवते. स्पिअरमन यांनी या ओळखीच्या अनुभवामागे एक शिस्तबद्ध रचना पाहिली.

त्यांचा तर्क असा होता. प्रत्येक विषयातील यश दोन गोष्टींवर अवलंबून आहे, असे मानू. एक सर्व विषयांना समान असा सामान्य घटक आणि दुसरा त्या त्या विषयापुरता विशिष्ट घटक. तसे असल्यास कोणत्याही दोन विषयांतील सहसंबंध हा त्या दोन विषयांच्या सामान्य घटकाशी असलेल्या संबंधांचा गुणाकार असला पाहिजे. मग कोणतेही चार विषय घेतले, तरी त्यांच्या सहसंबंधांचे तिरके गुणाकार जवळपास सारखे यायला हवेत. त्यांच्या तक्त्यात अभिजात भाषा–इंग्रजी हा सहसंबंध ०.७८ आणि फ्रेंच–संगीत ०.५७ आहे. त्यांचा गुणाकार सुमारे ०.४४ येतो. अभिजात भाषा–संगीत ०.६३ आणि फ्रेंच–इंग्रजी ०.६७ यांचा गुणाकार सुमारे ०.४२ येतो. दोन्हींतील फरक फक्त ०.०२ आहे. हा फरक शून्याच्या जवळ असणे हीच पुढे त्यांच्या सिद्धांताची प्रमुख कसोटी झाली. सामान्य घटकाला त्यांनी ‘जी’ हे अक्षर दिले. बुद्धी या शब्दाला प्रत्येकजण वेगळा अर्थ देत असल्याने त्यांनी शब्दाऐवजी अक्षर पसंत केले. विशिष्ट घटकासाठी ‘एस’ हे अक्षर वापरले.

या निबंधातील काही निष्कर्ष टिकले नाहीत. सूक्ष्म फरक ओळखण्याची इंद्रियशक्ती आणि सामान्य बुद्धी यांच्यात जवळपास पूर्ण सहसंबंध असल्याचा दावा त्यांनी केला होता. तो थोड्या मुलांवरील निरीक्षणांतून आला होता आणि पुढील अभ्यासांत त्याला दुजोरा मिळाला नाही. टिकून राहिली ती पद्धत.

लंडनमधील कारकीर्द

१९०७ मध्ये विल्यम मॅकडूगल यांच्या जागी स्पिअरमन यांची लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नेमणूक झाली. १९११ मध्ये ते तेथे मन व तर्कशास्त्र या विषयांचे ग्रोट प्राध्यापक झाले आणि १९२८ मध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. १९२३ ते १९२६ या काळात ते ब्रिटिश मानसशास्त्र संस्थेचे अध्यक्ष होते. १९२४ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली.

१९१० मध्ये स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे एकच सूत्र प्रसिद्ध केले. चाचणीची लांबी वाढवली असता तिची विश्वसनीयता किती वाढेल, हे त्यावरून कळते. विश्वसनीयता ०.६० असलेली चाचणी त्याच दर्जाचे प्रश्न घालून दुप्पट केली, तर विश्वसनीयता ०.७५ होते. एका प्रश्नावरून माणसाची मनःस्थिती का ठरवू नये, याचे गणिती उत्तर या सूत्रात आहे.

त्यांचे सिद्धांत १९२३ मधील बुद्धीचे स्वरूप व आकलनाची तत्त्वे या विषयावरील ग्रंथात आणि १९२७ मधील मानवी क्षमतांविषयीच्या ग्रंथात विस्ताराने आले. दोन गोष्टींमधील नाते ओळखणे आणि नाते व एक गोष्ट दिली असता दुसरी शोधणे, या दोन क्रियांना त्यांनी बुद्धीचे सार मानले. सामान्य घटक ही एक प्रकारची मानसिक ऊर्जा असावी, अशी कल्पनाही त्यांनी मांडली. मात्र या ऊर्जेचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला नाही.

मनोविकार आणि स्वभाव यांचे मापन

स्पिअरमन यांची पद्धत मनोविकारांच्या क्षेत्रात त्यांच्या हयातीतच पोहोचली. मनोविकारतज्ज्ञ बर्नार्ड हार्ट यांच्यासह त्यांनी मनोरुग्णांच्या मानसिक चाचण्यांविषयीचा अभ्यास पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रसिद्ध केला. आजारात स्मृती, लक्ष किंवा तर्क यांपैकी एखादी शक्ती स्वतंत्रपणे खालावते की सर्वच क्षमता एकत्र उतरतात, हा त्यातील प्रश्न होता. त्यांचा कौल सर्वसाधारण ऱ्हासाच्या बाजूने पडला. छिन्नमनस्कतेतील बौद्धिक अडचणी सर्वव्यापी असतात की विशिष्ट, हा आजच्या संशोधनातील प्रश्न त्याच वळणाचा आहे.

त्यांचे विद्यार्थी एडवर्ड वेब यांनी १९१५ मध्ये हीच पद्धत स्वभावगुणांना लावली. विद्यार्थ्यांच्या वागण्याविषयी परिचितांनी दिलेल्या गुणांकनातून त्यांना बुद्धीपेक्षा वेगळा, चिकाटी आणि उद्देशाचे सातत्य दाखवणारा एक घटक आढळला. गुणांकन करता येईल असा कोणताही मानसिक भेद या पद्धतीच्या कक्षेत येऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

हार्ट यांच्याबरोबर १९१२ मध्ये लिहिलेल्या दुसऱ्या एका निबंधात मात्र स्पिअरमन यांनी या मापनाचा वेगळाच उपयोग सुचवला. पुरेसा सामान्य घटक असलेल्यांनाच संसदेसाठी मताधिकार आणि अपत्यप्राप्तीचा अधिकार द्यावा, अशी शक्यता त्यांनी अनुकूलतेने मांडली. त्या काळी इंग्लंडमध्ये प्रभावी असलेल्या सुजननशास्त्राच्या विचारांशी ही मांडणी मिळतीजुळती होती. काही विषयांच्या गुणांतून काढलेला आकडा माणसाची योग्यता ठरवण्यासाठी वापरणे, याला त्यांच्या गणितात कोणताही आधार नव्हता. एखाद्या चाचणीतील गुण आणि माणसाचे मूल्य यांतील अंतर विसरले, तर काय घडू शकते, याचे हे गंभीर उदाहरण मानले जाते.

टीका आणि वाद

१९१६ मध्ये गॉडफ्री थॉमसन यांनी द्विघटक सिद्धांताला मूलगामी आव्हान दिले. सामान्य घटक मुळीच नसताना, केवळ अनेक छोट्या स्वतंत्र घटकांच्या सरमिसळीतून, स्पिअरमन यांच्या तक्त्यासारखीच रचना तयार होते, हे त्यांनी फासे टाकून बनवलेल्या कृत्रिम गुणांवरून दाखवले. प्रत्येक चाचणी मनातील असंख्य लहान बंधांपैकी काहींचा वापर करते आणि दोन चाचण्यांत जितके बंध सामाईक असतील तितका सहसंबंध वाढतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हा वाद अनेक वर्षे चालला. आकडे दोन्ही स्पष्टीकरणांशी जुळत असल्यामुळे केवळ आकड्यांनी तो सुटणे शक्य नव्हते.

अमेरिकेत लुई लिऑन थर्स्टन यांनी १९३८ मध्ये अनेक घटक एकाच वेळी काढण्याची पद्धत वापरून सात प्राथमिक क्षमता मांडल्या. स्पिअरमन यांनी त्याच सामग्रीत सामान्य घटक दिसतो, असे प्रत्युत्तर दिले. सामान्य घटक वर आणि गटघटक त्याखाली, अशी श्रेणीबद्ध मांडणी पुढे बहुतेक संशोधकांनी स्वीकारली.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतरही स्पिअरमन यांनी लेखन चालू ठेवले. मानसशास्त्राच्या इतिहासावरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धात त्यांचा एकुलता एक मुलगा क्रीट येथे मारला गेला. वार्धक्यात त्यांची प्रकृती खालावत गेली. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात असताना १७ सप्टेंबर १९४५ रोजी खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. ल्युवेलिन विन जोन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा अखेरचा ग्रंथ १९५० मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाला.

मानसिक आरोग्याच्या संशोधनातील वारसा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांनी पहिल्या महायुद्धानंतर काही काळ लंडनमध्ये स्पिअरमन व पिअरसन यांच्याकडे अभ्यास केला होता. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू मनोरुग्णालयात काम करताना त्यांनी १९३९ मध्ये प्रौढांसाठी बुद्धिमापन श्रेणी तयार केली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही चिकित्सेत वापरल्या जातात. रेमंड कॅटेल यांनीही लंडनमध्ये स्पिअरमन यांच्या प्रभावाखाली संशोधन केले आणि नंतर व्यक्तिमत्त्वाचे सोळा घटक मांडले. हान्स आयसेंक यांनी १९४० च्या दशकात मिल हिल येथील आपत्कालीन रुग्णालयातील सुमारे ७०० सैनिकांच्या माहितीवर घटक विश्लेषण केले. मज्जाविकृती ही निरोगी आणि आजारी असे दोन कप्पे पाडणारी बाब नसून सर्व माणसांत कमीअधिक प्रमाणात आढळणारे एक परिमाण आहे, असे त्यांनी १९४७ च्या ग्रंथात प्रतिपादले.

२०१४ मध्ये ॲव्हशालोम कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२–७३ साली जन्मलेल्या १,०३७ व्यक्तींच्या दीर्घकालीन अभ्यासातील माहिती तपासली. नैराश्य, चिंता, व्यसन, वर्तनविकार आणि विचारविकार ही लक्षणे एकमेकांपासून अलग नसून त्यांच्यात धन सहसंबंध आहेत, असे आढळले. त्यामागे एक सामान्य घटक मानता येतो. स्पिअरमन यांच्या ‘जी’ च्या धर्तीवर त्याला ‘पी’ घटक असे नाव देण्यात आले. एकाच व्यक्तीला दोन-तीन मनोविकारांची निदाने का होतात, याचे हे एक संभाव्य उत्तर आहे.

थॉमसन यांची शंकाही नव्या रूपात परतली आहे. नेदरलँड्समधील डेनी बोर्सबूम व इतरांच्या मते लक्षणांमागे एकच छुपे कारण असण्याची गरज नाही. झोप उडाली की थकवा येतो. थकव्याने लक्ष लागत नाही, कामे बिघडतात, मन खिन्न होते आणि खिन्नतेने पुन्हा झोप उडते. अशा साखळीतूनही लक्षणांमध्ये धन सहसंबंध निर्माण होतात. दोन दृष्टींचा उपचाराच्या दिशेवर परिणाम होतो. एक छुपे कारण मानले, तर ते शोधावे लागेल. जाळे मानले, तर त्यातील एखादा दुवा तोडणे पुरेसे ठरू शकेल.

दुसरी मर्यादा पीटर मोलेनार यांनी २००४ मध्ये ठळकपणे मांडली. अनेक व्यक्तींची तुलना करून मिळालेली रचना एकाच व्यक्तीच्या आत काळानुसार घडणाऱ्या बदलांना आपोआप लागू होत नाही. भरभर लिहिणाऱ्या सरावलेल्या मुलांचे अक्षर एखाद्या वर्गात इतरांपेक्षा चांगले असू शकते. पण त्यांतील एकानेच नेहमीपेक्षा घाई केली, तर त्याचे अक्षर बिघडते. पहिली गोष्ट माणसामाणसांतील भेद सांगते आणि दुसरी एका माणसातील बदल सांगते. म्हणून अलीकडच्या अभ्यासांत एकाच व्यक्तीच्या मनःस्थितीची दिवसातून अनेकदा नोंद घेऊन तिच्यासाठी स्वतंत्र प्रतिमान तयार केले जाते.

भारताशी संबंध

म्हैसूर विद्यापीठात १९२४ मध्ये मानसशास्त्र विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख एम. व्ही. गोपालस्वामी यांनी लंडनमध्ये स्पिअरमन यांच्याकडे शिक्षण घेतले होते. त्याच पिढीत धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी रूपांतर केले आणि त्यावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला. नाना प्रकारचे प्रश्न एकत्र करून एकच आकडा काढण्याच्या बिने यांच्या रीतीवर स्पिअरमन यांचा आक्षेप होता. मात्र ती रीत व्यवहारात यशस्वी का होते, याचे स्पष्टीकरणही त्यांच्याच सिद्धांताने दिले. प्रश्न विविध असले की विशिष्ट घटक एकमेकांना झाकतात आणि सामान्य घटक उरतो.

मूल्यमापन

स्पिअरमन यांनी काढलेले अनेक निष्कर्ष पुढे बदलले. मानसिक ऊर्जेची कल्पना मागे पडली आणि सामाजिक निवडीसाठी मापन वापरण्याचा त्यांचा विचार त्याज्य ठरला. मन थेट दिसत नाही, पण त्याच्या अनेक खुणांतील परस्परसंबंधांवरून त्याविषयी तपासता येईल असे विधान करता येते, ही त्यांची मूळ देणगी कायम राहिली. नैराश्याच्या प्रश्नावलीत एखाद्याला मिळालेले गुण किती भरवशाचे आहेत, ते नेमके कशाचे माप आहेत आणि त्यांवरून त्या माणसाविषयी किती बोलावे, हे तिन्ही प्रश्न त्यांच्या कामातून आणि त्यावरील टीकेतून पुढे आले आहेत.